सोप्या इंग्रजी शब्दांच्या आडवाटा: चार फुकट कोशांची तपासणी

‘द वेल वॉज ऑल बट ड्राय.’ आता या विहिरीत पाणी आहे की नाही? इथे भलेभले चकतात. उत्तर असं, की विहीर आटल्यातच जमा आहे. ‘बट’ म्हणजे ‘पण’ एवढ्यावरच भिस्त ठेवली तर हे वाक्य उलगडत नाही, आणि ‘बट’ तर शाळेपासून येतो, मग तो कोशात पाहावा असं कुणाच्या मनातही येत नाही. ‘अ‍ॅज’, ‘शुड’, ‘फॉर’, ‘सेव्ह’, ‘टेबल’ या सगळ्यांची हीच गत. अवघड शब्द दिसला की माणूस थांबतो. हे शब्द थांबू देत नाहीत आणि वाक्य चुकीचं समजून पुढे नेतात.

खास इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी बनवलेले चार मोठे कोश इंटरनेटवर फुकट आहेत: ऑक्सफर्डचा अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स, लाँगमन, केंब्रिज आणि कॉलिन्स कोबिल्ड. इथे त्यांची तपासणी एकाच अंगानं केली आहे. नेहमीच्या शब्दाचा अनोळखी वापर त्यांत सापडतो का, किती लवकर सापडतो आणि सापडल्यावर मराठी वाचकाच्या पदरात काय पडतं? उच्चार, चित्रं, शब्दकोडी यांचा इथे विचार नाही.

आधी एक गफलत दूर करायला हवी. गूगलवर शब्दापुढे ‘मीनिंग’ टाइप केलं की वर जी चौकट येते, ती ऑक्सफर्ड लँग्वेजेसची असते. नाव ऑक्सफर्ड असलं तरी तो हा कोश नव्हे. ती चौकट इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांसाठीच्या कोशातून येते. शब्दापुढे कोणती रचना येते, वापर किती औपचारिक, वाक्य कसं बांधायचं, याची हातात हात धरून केलेली सोबत तिथे नाही. झटपट अर्थ पाहायला ठीक, या कामाला अपुरी.

आता ‘बट’. चारही कोशांची खरी परीक्षा इथेच होते. ‘पण’ हा अर्थ बाजूला ठेवला तरी या शब्दाच्या किमान दोन वेगळ्या वाटा उरतात. पहिली ‘खेरीज’ची. ‘नथिंग बट ट्रबल’ म्हणजे त्रासाखेरीज काही नाही, थोडक्यात नुसता त्रास. ‘एनीथिंग बट ईझी’ म्हणजे सोपं सोडून काहीही म्हणा, अर्थात मुळीच सोपं नाही. ‘ऑल बट ड्राय’ म्हणजे कोरडं होण्याखेरीज बाकी सगळं होऊन गेलं, म्हणून जवळजवळ कोरडं. एकाच ‘खेरीज’मधून ‘फक्त’, ‘मुळीच नाही’ आणि ‘जवळजवळ’ असे तीन परस्परविरोधी अर्थ निघतात. परीक्षेत गोंधळ होतो तो याच त्रिकुटात. त्यातही ‘एनीथिंग बट’वर सर्वांत जास्त, कारण शेवटचा शब्द ‘ईझी’ कानात राहतो आणि उत्तर उलटं लिहिलं जातं.

दुसरी वाट ‘फक्त’ची. ‘शी इज बट अ चाइल्ड’ म्हणजे ती तर नुसती पोर आहे. ‘वी कॅन बट ट्राय’ म्हणजे प्रयत्न करण्यापलीकडे आपल्या हातात काही नाही. यालाच ‘नॉट’ जोडून ‘आय कॅनॉट बट अ‍ॅडमायर हर’ केलं की अर्थ होतो ‘तिचं कौतुक केल्यावाचून राहवत नाही’. ‘कॅन बट’ आणि ‘कॅनॉट बट’ दिसायला एकमेकांच्या विरुद्ध, पण दोन्हीकडे पर्याय एकच उरलेला असतो. याशिवाय ‘बट फॉर युअर हेल्प’ आहेच: तुमची मदत नसती तर.

ऑक्सफर्डमध्ये हे सगळं आहे, पण एका पानावर नाही. या कोशाच्या संकेतस्थळावर शब्दाच्या प्रत्येक जातीला वेगळं पान दिलेलं आहे. ‘बट’ टाइप केलं की उभयान्वयी अव्ययाचं पान उघडतं. ‘खेरीज’ शब्दयोगी अव्ययाच्या पानावर आणि ‘फक्त’ क्रियाविशेषणाच्या पानावर असतो. तिथे जाण्याची यादी संगणकावर उजव्या बाजूला दिसते. ती नजरेआड झाली तर माणूस पहिलंच पान वाचून ‘यात तर नाही बुवा’ म्हणत परत फिरतो. ‘सेव्ह’चंही तसंच. समोर क्रियापद येतं, वाचवणे-साठवणेचे भरघोस अर्थ दिसतात आणि ‘वगळता’ हा अर्थ दुसऱ्या पानावर राहतो. माहिती उत्तम आणि मांडणी फसवी, असा हा प्रकार आहे.

दुसरी खोच वाक्प्रचारांची. ऑक्सफर्डचा नियम असा, की वाक्प्रचार त्यातल्या पहिल्या ‘भरीव’ शब्दाखाली द्यायचा. भरीव म्हणजे नाम, क्रियापद, विशेषण किंवा क्रियाविशेषण. त्यामुळे ‘ऑल बट’ हे ‘ऑल’खाली आणि ‘नथिंग इफ नॉट’ हे ‘नथिंग’खाली मिळतं. ‘इफ’ उघडून शोधत बसलात तर वेळ जाईल. शोधाच्या चौकटीत एकच शब्द न टाकता जोडी टाकली, तर हा वळसा बहुतेक वेळा टळतो.

लाँगमन इथे सरळ पुढे जातो. शब्दाच्या सगळ्या जाती एकाखाली एक, त्याच पानावर. नुसतं खाली सरकत गेलं की झालं. लांब नोंदीत प्रत्येक अर्थाआधी एकदोन शब्दांची पाटी असते, त्यामुळे वीस अर्थ वाचावे लागत नाहीत; पाट्या वाचत जायचं आणि आपली पाटी आली की थांबायचं. पहिली आवृत्ती निघाली १९७८ साली, तेव्हापासून या कोशानं व्याख्या सुमारे दोन हजार शब्दांतच लिहिण्याचा दंडक पाळला आहे. बारावीच्या इंग्रजीवर तो निभावतो. किंमतही मोजावी लागते: दोन जवळच्या अर्थांतली बारीक छटा इतक्या थोड्या शब्दांत कधीकधी सपाट होते. ती भरून काढायला नोंदीच्या तळाशी प्रत्यक्ष लिखाण-बोलण्यातून घेतलेली वाक्यं असतात. ती जरूर वाचावीत, मात्र तिथे सगळ्या अर्थांची सरमिसळ असू शकते, म्हणून आधी अर्थ ठरवून मगच तिकडे जावं.

कोबिल्डची पद्धत निराळी. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली संगणकावरच्या प्रचंड लेखनसंग्रहातून हा कोश उभा राहिला आणि १९८७ साली बाहेर आला. यात व्याख्या तुकड्यांत नसते, पूर्ण वाक्यात असते: अमुक म्हटलं की तुमचा रोख असा असतो, या धाटणीची. साध्या नामासाठी ही पद्धत पाल्हाळिक वाटेल. ‘बट फॉर’, ‘व्हॉट विथ’, ‘नॉट दॅट’ अशा शब्दांना मात्र ती चपखल बसते, कारण त्यांना अर्थापेक्षा कामगिरीच जास्त असते. ‘व्हॉट विथ द रेन अँड द ट्रॅफिक’ यात ‘व्हॉट’चा अर्थ विचारण्यात हशील नाही. तो शब्द कारणांची रांग लावतो: एक तर पाऊस, त्यात ट्रॅफिक. हे समजावायला पूर्ण वाक्यच लागतं.

कॉलिन्सच्या संकेतस्थळावर एक काळजी घ्यावी. तिथे एकाच पानावर कोबिल्डखाली ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजीचे वेगळे कोशही येतात. ते शिकणाऱ्यांसाठी नाहीत आणि त्यांची भाषा कठीण आहे. वरचा कोबिल्डचा भाग संपला की थांबलेलं बरं.

केंब्रिजचं बळ कोशाइतकंच व्याकरणात आहे. त्याच संकेतस्थळावर ‘इंग्लिश ग्रामर टुडे’ हा व्याकरणग्रंथ फुकट वाचायला मिळतो. हे मोलाचं आहे, कारण कोश शब्दांवर चालतो आणि काही अडचणी शब्दाच्या नसून साच्याच्या असतात. ‘शुड यू नीड एनी हेल्प’ हे वाक्य प्रश्न वाटतं. प्रत्यक्षात ‘इफ’ गाळून ‘शुड’ पुढे आणलेला आहे: मदत लागलीच तर. ही उलटापालट ‘हॅड आय नोन’ आणि ‘वेअर ही टू रिझाइन’ इथेही आहे, हे कोशाच्या तीन वेगवेगळ्या नोंदी वाचून ध्यानात येत नाही. व्याकरणातलं एक प्रकरण वाचलं की येतं. केंब्रिज अनेक अर्थांशेजारी ए-१ (सर्वांत सोपी) ते सी-२ (सर्वांत वरची) अशी पातळीही छापतं. नेहमीच्या शब्दाच्या एखाद्या अर्थाला सी-२ लागलेलं दिसलं, की तो आडवाटेचा आहे हे न सांगता कळतं. ऑक्सफर्डही आपल्या निवडक शब्दांना अशा पातळ्या देतं.

केंब्रिजच्या पानावर खाली बऱ्याच भाषांतले प्रतिशब्द येतात, त्यांत मराठीही आहे. त्यावर विसंबू नये. तिथे सहसा मुख्य अर्थाचाच मराठी शब्द असतो, आणि आपण ज्यासाठी आलो तो मुख्य अर्थ नसतोच.

खिशातल्या इंग्रजी-मराठी कोशांची मर्यादाही इथेच उघडी पडते. ते शब्दाला शब्द देतात: ‘शुड’ म्हणजे ‘पाहिजे’, ‘वुड’ म्हणजे ‘होईल’ किंवा ‘असता’. पण या वापरांना मराठीत प्रतिशब्द नसतो, प्रतिरचना असते, आणि ती आपल्याकडे तयार असते. ‘इट इज स्ट्रेंज दॅट ही शुड से सो’ हे वाक्य घ्या. ‘त्यानं तसं म्हणायला पाहिजे हे विचित्र आहे’ हे भाषांतर साफ चूक. इथला ‘शुड’ कर्तव्य सांगत नाही. घडलेल्या गोष्टीबद्दलचं आश्चर्य दाखवतो. आता मराठी पाहा: ‘त्यानं असं म्हणावं, याचं नवल वाटतं.’ आपलं विध्यर्थी ‘-आवं’ हेच काम करतं. ‘तू येऊन जावंस आणि मला कळूही नये!’ यात कुणी कुणाला आज्ञा करत नाही. ऑक्सफर्ड आणि लाँगमन दोन्हींत ‘शुड’चा हा वापर स्वतंत्र अर्थ म्हणून दिलेला आहे. ‘-आवं’शी गाठ मात्र वाचकालाच मारावी लागते.

‘वुड’चंही असंच. ‘ही वुड सिट बाय द रिव्हर फॉर अवर्स’ म्हणजे तो तासन्‌तास नदीकाठी बसे, किंवा बसायचा. हा रीतिभूतकाळ, यात भविष्य नाही की जर-तर नाही. मात्र अट अशी, की गोष्ट भूतकाळातली आहे हे आधीच्या वाक्यांतून ठरलेलं असावं लागतं. शिवाय हा ‘वुड’ पुनःपुन्हा केलेल्या कृतीला लागतो, स्थितीला नाही. ‘आमचं एक घर होतं’ यासाठी ‘वी वुड हॅव अ हाउस’ चालत नाही, ‘यूज्ड टू’ लागतं.

‘बी’ आणि ‘टू’ची जोडी याहून निसटती आहे. ‘द मिनिस्टर इज टू व्हिजिट नागपूर’ म्हणजे मंत्री नागपूरला भेट देणार आहेत, कार्यक्रम ठरलेला आहे. ‘यू आर टू रिपोर्ट अ‍ॅट नाइन’ म्हणजे नऊला हजर व्हायचं आहे, हुकूम आहे. ‘ही वॉज नेव्हर टू रिटर्न’ म्हणजे तो पुन्हा कधीच परतायचा नव्हता, हे नियतीचं बोलणं. बातम्यांच्या मथळ्यांत तर ‘इज’ही गळतो आणि ‘मिनिस्टर टू व्हिजिट’ एवढंच उरतं. कोबिल्ड या जोडीला एका वाक्यात नीट पकडतो: ठरलेलं, नक्की घडणारं, किंवा करायलाच हवं असलेलं. शिवाय ‘बी’ची नोंद तो सहायक क्रियापद आणि इतर वापर अशी दोन भागांत तोडतो, त्यामुळे शोध अर्ध्यावर येतो.

‘अ‍ॅज’बद्दल थोडक्यात. ‘रिच अ‍ॅज ही वॉज’ म्हणजे तो श्रीमंत असला तरी. ‘ट्राय अ‍ॅज शी माइट’ म्हणजे तिनं कितीही प्रयत्न केला तरी. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज हा ‘जरी’चा अर्थ स्पष्ट वेगळा काढतात. अमेरिकन लिखाणात हेच ‘अ‍ॅज रिच अ‍ॅज ही वॉज’ असं दोन ‘अ‍ॅज’नी दिसतं, तिथे तुलना शोधत बसू नये. ‘फॉर ऑल हिज मनी’सुद्धा याच कुळातलं: एवढा पैसा असूनही.

कायद्याची आणि सभागृहाची भाषा वाचणाऱ्यांसाठी दोन शब्द महत्त्वाचे. ‘सेव्ह अ‍ॅज अदरवाइज प्रोव्हायडेड’ यात काही वाचवायचं नाही. अन्यथा तरतूद असेल ते खेरीजकरून, एवढाच अर्थ. कायद्याच्या मथळ्यात ‘सेव्हिंग’ आलं की तो आणखी वेगळा: संविधानाच्या अनुच्छेद ३१ क च्या शीर्षकात तो आहे आणि मराठीत त्याला ‘व्यावृत्ती’ म्हणतात, म्हणजे ठरावीक कायदे अबाधित राखणं. लर्नर्स कोश पहिला अर्थ ‘औपचारिक’ किंवा ‘जुना वापर’ अशा शेऱ्यासह देतात. दुसऱ्यासाठी भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोशच गाठावा. या चौघांवर तो बोजा टाकण्यात अर्थ नाही. दुसरा शब्द ‘टेबल’. ‘टु टेबल अ रिपोर्ट’ म्हणजे ब्रिटिश आणि भारतीय वापरात अहवाल पटलावर ठेवणं, चर्चेला आणणं. अमेरिकेत नेमकं उलट: विषय बाजूला ठेवणं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोघेही दोन्ही अर्थ देशाच्या शेऱ्यासकट देतात. शेरा न वाचता अर्थ उचलला, तर अमेरिकन कंपनीच्या बैठकीचं इतिवृत्त पूर्ण उलटं वाचलं जाईल.

शेऱ्यांवर एवढा भर द्यायचं आणखी एक कारण आहे. हे वापर समजणं वेगळं आणि स्वतः लिहिणं वेगळं. ऑक्सफर्डमध्ये ‘ओल्ड-फॅशन्ड’ म्हणजे वापरातून जात चाललेलं आणि ‘ओल्ड यूज’ म्हणजे गेलेलंच. आपल्या जुन्या शालेय व्याकरणांतून ‘देअर इज नो वन बट नोज इट’ असा ‘बट’ अजून शिकवला जातो. असा कुणी नाही ज्याला हे ठाऊक नाही. ओळखता यावा, पण अर्जात किंवा ईमेलमध्ये घालू नये. ‘कम मंडे’ म्हणजे ‘सोमवार उजाडला की’, हे बोलण्यातलं, निबंधात नको.

शोधायची पद्धत अशी ठेवली की चारही कोश चांगले वागतात. अडलेल्या शब्दाच्या डावी-उजवीकडचा एकेक शब्द बरोबर घ्यायचा आणि जोडी टाइप करायची. जोडी मिळाली नाही, तर साच्यात मोकळी जागा आहे असं समजायचं. ‘रिच अ‍ॅज ही वॉज’ कोणत्याच कोशात मिळणार नाही, कारण ‘रिच’च्या जागी काहीही बसतं; तेव्हा न बदलणारा चिमुकला शब्द, म्हणजे ‘अ‍ॅज’, उघडायचा. मग शब्दाची जात पाहायची: ‘बट’नंतर कर्ता-क्रियापद असलेलं पूर्ण वाक्य असेल तर बहुधा ‘पण’, नुसतं नाम किंवा विशेषण असेल तर ‘खेरीज’ आणि ‘फक्त’ हे अर्थही तपासायचे. ‘ही इज पुअर बट ऑनेस्ट’मध्ये दोन विशेषणं जोडलेली आहेत, तिथे मात्र ‘पण’च. त्यानंतर नोंदीच्या डोक्याकडून वाचायला न लागता शेवटाकडे, वाक्प्रचारांच्या भागात जायचं, कारण आडवाटेचे अर्थ बहुधा तिथेच असतात. अर्थ हाती आला की तो मूळ वाक्यात बसवून पाहायचा. ‘बट’च्या जागी ‘एक्सेप्ट’ किंवा ‘ओन्ली’ ठेवून वाक्य टिकतं का बघायचं. शेवटी मराठीत म्हणायचं, आणि शब्द न सापडल्यास क्रियापदाचं रूप बदलून बघायचं.

निवड करायची तर रोजच्या शोधासाठी लाँगमन पहिला: एकच पान, सोपी व्याख्या, खरी वाक्यं. क्रियापदापुढे काय येतं, ‘टू’ की ‘-इंग’, हे हवं तेव्हा ऑक्सफर्ड. त्याचा पिंडच तसा आहे. त्याचे मूळ कर्ते हॉर्नबी जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवत होते, त्या गरजेतून मूळ कोश तयार झाला. तो १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डनं छापला. शब्दाची रचना परक्या विद्यार्थ्याला दाखवणं हे त्याचं पहिल्यापासूनचं काम आहे. लाँगमन वाचूनही शब्द कशासाठी आलाय ते कळेना, तर कोबिल्ड. शब्दक्रमच उलटा वाटत असेल, तर केंब्रिजचं व्याकरण. चौघांनाही रोज उघडायची गरज नाही.

छापील प्रत हवीच असेल, तर या कामासाठी ताजी आवृत्ती लागत नाही. नवे शब्द दर आवृत्तीत येतात, पण ‘बट’ आणि ‘शुड’च्या वाटा तेवढ्या भराभर बदलत नाहीत. अप्पा बळवंत चौकात किंवा फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर मिळणारी जुनी प्रत पुरते. पैसे देण्याआधी ‘शुड’ उघडून आश्चर्याचा अर्थ आहे का बघा, वाक्प्रचारांचा भाग वेगळ्या खुणेनं दाखवलाय का बघा, आणि बारीक टाइपातले शेरे वाचता येतात का तेही. नक्कल प्रतीत आधी तेच पुसट होतात. नावात ‘पॉकेट’ किंवा ‘मिनी’ असेल तर ठेवून द्या. जागा वाचवायला छोट्या आवृत्तीत आधी कात्री लागते ती याच अर्थांना.